तेहतीस कोटी, तेहतीस लाख

“एक्क्याण्णव,” मी आईच्या चेहऱ्यावर वाकून म्हणाले. “भाग जात असेल तर डोळे मिट.”

आईनं डोळे मिटले. सावकाश, ठरवून मिटावेत तसे. मग उघडले.

“आता सत्त्याण्णव.”

तिनं डोळे उघडेच ठेवले. मी बराच वेळ थांबले. पापणी हलली नाही.

मी वळून दादाकडे पाहिलं. बंगलोरहून दोन गाड्या बदलून तो स्टेशनवरून थेट दवाखान्यात आला होता. बॅग अजून खांद्यावरच होती.

“बघितलंस?” मी म्हणाले. “एक्क्याण्णवला सातानं भाग जातो. सत्त्याण्णवला कशानंच जात नाही. दोन्ही बरोबर सांगितलं तिनं.”

दादानं बॅग खाली ठेवली, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

१९९४चा जानेवारी होता. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आई पडून होती. शाळेतून घरी येताना रिक्षातच तिला झटका आला होता. डॉ. दरकांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. मेंदू जिथं मानेला येऊन मिळतो, जिथून सगळ्या शरीराला निरोप जातात, नेमका तिथला रक्तपुरवठा तुटला होता. हात नाही, पाय नाही, बोलणं नाही, गिळणं नाही. नाकातल्या नळीतून दूध आणि पातळ पेज. डोळे मात्र उघडे.

“डोळे उघडे आहेत म्हणजे त्यांना कळतंय असं धरून चालू नका, ताई,” डॉक्टर म्हणाले होते. “पापण्या आपोआपही हलतात.”

आईचं नाव कौसल्या बिडवई. मुलींच्या शाळेत तिनं गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं. अप्पा मी कॉलेजात असतानाच गेले. मी नांदेडलाच ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होते आणि आईजवळ राहत होते. शिवकांतदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, बंगलोरला इंजिनिअर. आमच्या घरी जेवताना आकड्यांचा खेळ चालायचा. आई आमटी वाढता वाढता एखादा आकडा टाकायची, आणि आम्ही सांगायचं, मूळ की नाही. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग जात नाही, ती मूळ संख्या. एक्क्याण्णवला मी लहानपणी हमखास फसायचे.

दवाखान्यात सगळे येऊन तिला एकच विचारत होते, “बाई, ओळखलं का?” त्यावर ती कधी पापणी हलवायची, कधी नाही. मग एका संध्याकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी जेवणाच्या वेळचा तो खेळ सुरू केला. आणि आई उत्तरं देऊ लागली.

दादानं मला खोलीबाहेर नेलं. व्हरांड्यात लाकडी बाक होतं, त्यावर आम्ही बसलो.

“किती वेळा केलंस हे?” त्यानं विचारलं.

“रोज करते. एकदाच चुकली, तेव्हा तिला ताप होता.”

“गिरजा, उत्तरं दोनच आहेत. मिटले किंवा नाही मिटले. नाणं उडवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात.”

“निम्मी येतात. सगळी येत नाहीत.”

“बरोबर. पण तुला प्रत्येक वेळी उत्तर माहीत असतं. एक्क्याण्णवला तू मिटायची वाट बघत होतीस. तिनं मिटले, तू लगेच पुढं गेलीस. सत्त्याण्णवला ती हलली नाही, तेव्हा तू थांबलीस, आणि मग स्वतःच ठरवलंस की झालं. समज, मध्येच तिनं पापणी हलवली असती, तर तू काय म्हणाली असतीस? आपोआप हलली म्हणाली असतीस.”

मला राग आला. पण तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्याला म्हणाले, “मग तुझं काय म्हणणं आहे? ती तिथं नाहीच?”

“मला ती हवीय,” दादा म्हणाला. “तुझ्याइतकीच. म्हणूनच भीती वाटते.”

डॉ. दरक दुपारी आले. त्यांनी आम्हा दोघांना आपल्या खोलीत बसवलं. छातीत कफ साठत होता. आईला तो काढता येत नव्हता. दोन मार्ग होते. गळ्याला छिद्र पाडून तिथून श्वासाची नळी बसवायची आणि हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिथं यंत्रावर किती महिने जातील ते सांगता येत नव्हतं, आणि ती वाटेतच जाण्याची शक्यताही होती. नाहीतर घरी न्यायचं.

“या तुमच्या आई असत्या तर तुम्ही काय केलं असतं?” दादानं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “त्यांना कळतंय अशी माझी खात्री असती, तर मी हैदराबादला नेलं असतं. नुसतं शरीर जगवायचं असतं, तर नसतं नेलं. मला खात्री नाही. तुमच्या बहिणीला आहे. उद्या सकाळपर्यंत ठरवा.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “आईलाच विचारू ना. हैदराबादला जायचं का म्हणून.”

“विचारू. आधी ती आहे का, ते कळू दे.”

तो बाकावर बसून राहिला. समोर खालच्या अंगणात एक बाई कपडे पिळून दोरीवर टाकत होती. तिचे सगळे कपडे वाळत घालून झाले, तेव्हा दादा म्हणाला, “तुला उत्तर माहीत नाही, असा प्रश्न पाहिजे. आणि असा, की तिला त्याचं उत्तर पाठ असेल. आत्ता तिला डोक्यात भागाकार करायला लावणं बरोबर नाही.”

“असा कुठला प्रश्न?”

“आहे एक. कुठला ते मला विचारू नकोस. तुला कळलं तर उपयोग नाही.”

त्यानं औषधाचा रिकामा खोका फाडून सपाट केला. आतल्या पांढऱ्या बाजूवर पेनानं मोठे आकडे काढले, प्रत्येक आकडा दोन-तीनदा गिरवला. मग तो पुठ्ठा माझ्या हातात दिला.

३३३३३३३३१.

“फक्त हा तिच्यासमोर धर आणि विचार. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहतो. म्हणजे माझ्याही तोंडाकडं बघून तिला काही कळायला नको.”

दादा असाच होता. बेसिनची तोटी बदलतानाही आधी सगळ्या घराचं पाणी बंद करणारा.

आम्ही आत गेलो. दुपारचं ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. मी आईची मान उशीवर नीट केली, तिच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली आणि पुठ्ठा तिच्या डोळ्यांसमोर धरला.

“आई, ही दादानं दिलीय. मला उत्तर माहीत नाही.” मी मोठ्यानं वाचलं. “तेहतीस कोटी, तेहतीस लाख, तेहतीस हजार, तीनशे एकतीस. हिला कशानं भाग जात असेल तर डोळे मिट. मूळ असेल तर उघडे ठेव.”

आईची नजर पुठ्ठ्यावरून डावीकडून उजवीकडे गेली. हे मी आजही शपथेवर सांगेन. मग तिनं डोळे मिटले. घट्ट.

“मिटले,” मी म्हणाले. मला हसू फुटलं होतं. “दादा, भाग जातो म्हणते.”

दादा वळला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर माझं हसू गेलं.

“पुन्हा विचार,” तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. आईनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले. ती थांबेना. पापण्या एकसारख्या मिटत होत्या आणि उघडत होत्या. मी “आई, आई” म्हणत राहिले, तिच्या गालावर हात ठेवला, तरी चालूच. शेवटी दादानंच बाहेर जाऊन सिस्टरला बोलावून आणलं. तोवर पापण्या थांबल्या होत्या. सिस्टरनं डोळ्यांत थेंब घातले.

“डोळे कोरडे पडतात त्यांचे,” ती म्हणाली. “त्यानं असं होतं.”

ती गेल्यावर दादा पलंगाजवळ आला. त्यानं माझ्या हातातून पुठ्ठा घेतला.

“ही मूळ संख्या आहे, गिरजा. आईचीच आहे. एकतीस, तीनशे एकतीस, तीन हजार तीनशे एकतीस. पुढं एकेक तीन वाढवत जायचं. सगळ्या मूळ. सातवीच्या सुट्टीत तिनं मला एकेक तपासायला लावल्या होत्या. अख्खी सुट्टी गेली. तिला हे झोपेतही सांगता आलं असतं.” मग तो आईकडे वळला, आणि लहान मुलाशी बोलावं इतक्या हळू म्हणाला, “चुकलं, आई.”

आणि तो खाली बसून रडला. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, अप्पा गेले तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आईला घरी आणलं.

मधल्या खोलीत पलंग टाकला. लातूरहून मावशी आली. शेजारच्या बायका येऊन जात. घरी आणल्यावर आम्ही काय काय बोललो, ते सगळं त्याच खोलीत, तिच्या उशाशी बसून बोललो. दुसरीकडे जाऊन बोलायचं कारण आम्हाला दिसत नव्हतं. रुद्रभूमीत, आम्हा लिंगायतांच्या दफनभूमीत, अप्पांच्या शेजारी जागा मिळेल का, विधी करणाऱ्या स्वामींना आधी निरोप द्यावा की नंतर, हे दादा आणि मावशीचं बोलणं झालं. तिच्या इरकलींतली कुठली नेसवायची ते मावशीनं कपाट उघडून मला विचारलं, आणि मी हिरवी म्हणाले. दादानं ऑफिसला फोन केला, की रजा थोडी वाढवावी लागेल, फार नाही. फोन तिच्या पलंगापासून हातभर अंतरावर होता.

कुणी नसलं की मी तिच्यावर वाकायचे. “आई, मी गिरजा. ऐकू येतं का? येत असेल तर डोळे मिट.” ती छताकडे पाहत राहायची. एक्क्याण्णव विचारलं, एकवीस विचारलं, दहासुद्धा विचारलं. एकदाही तिनं डोळे मिटले नाहीत. कोरडे पडून पापण्या हलतात म्हणे, तशाही हलल्या नाहीत. मग मला वाटू लागलं, दादाचंच खरं. मी आधी जे पाहिलं ते माझ्याच मनाचे खेळ.

शनिवारी दुपारी तिचा श्वास बदलला. दादा डॉक्टरांना आणायला धावला. मावशी स्वयंपाकघरात होती, मी एकटी आईजवळ होते. तिचा हात धरून बसले. काही विचारलं नाही. दादा डॉक्टरांना घेऊन आला, डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. दादा तिच्या पायाशी बसला. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

त्यानंतर चौदा वर्षं मी त्याच घरात राहिले. लग्न केलं नाही. कारण एवढंच, की ते राहून गेलं. आईची आठवण यायची, पण दवाखान्याची खोली मी मनात फारशी उघडत नसे.

२००८ साली आईच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. मी त्या शाळेत कधीच शिकले नव्हते; आपल्या पोटच्या मुलीचे पेपर आपण तपासायचे नाहीत म्हणून आईनं मला मुद्दाम दुसऱ्या शाळेत घातलं होतं. त्यामुळे जुन्या शिक्षकांच्या घरच्यांना बोलवायचा रिवाज म्हणून मला बोलावणं आलं, तेव्हा मी तिथं पाहुणीच होते. भाषणं झाल्यावर गणिताच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. रेहाना पठाण. आईच्या विद्यार्थिनी, आणि आता आईच्याच जागेवर शिकवत होत्या.

“बाईंचा तास बघायचाय का?” त्या म्हणाल्या. “त्या घ्यायच्या तसा एक तास मी दर वर्षी घेते. आज मुद्दाम ठेवलाय. या ना.”

मी नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. रेहानाबाईंनी फळ्यावर वरच्या कोपऱ्यात ३१ लिहिलं. मुली म्हणाल्या, मूळ. त्याखाली ३३१. त्याखाली ३३३१. मी बाकाची कड धरली. एकेक तीन वाढवत आकडे खाली उतरत होते, फळ्यावर पायऱ्या तयार होत होत्या.

“या सगळ्या लोकांनी तपासलेल्या आहेत,” रेहानाबाई सांगत होत्या. “पाच तीन आणि एक, मूळ. सहा तीन आणि एक, मूळ. सात तीन आणि एक, तीही मूळ. आता पुढची सांगा.”

त्यांनी लिहिलं, ३३३३३३३३१.

“मूळ,” सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला.

“तपासली का कुणी?”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. रेहानाबाई माझ्याकडे पाहून हसल्या. “आम्हीसुद्धा असंच म्हणायचो. मग बाई विचारायच्या, सात वेळा खरं निघालं म्हणून आठव्यांदा न बघताच सही करता का? आणि उत्तर त्या तोंडानं कधी सांगायच्या नाहीत. असा खडू घ्यायच्या, आणि टेबलावर ठोकत राहायच्या. आम्ही मोजायचं.”

त्या टेबलावर खडू ठोकू लागल्या. टक, टक, टक. मुली पुटपुटत मोजत होत्या. सावकाश, एकसारखा, थांबतच नव्हता तो आवाज. मग थांबला.

“सतरा,” मुली म्हणाल्या.

“करा भागाकार.”

एक मुलगी पुढे येऊन फळ्यावर भागाकार करू लागली. अगदी साधा भागाकार होता, शाळेतला. खाली शून्य उरलं. भागाकार आला एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

“बाईंचा आवडता फसवा आकडा,” रेहानाबाई तास संपल्यावर म्हणाल्या. “दर वर्षी, न चुकता. ताई, पाणी आणू का? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

मी घरी आले आणि कागदावर तो भागाकार स्वतः केला. पुन्हा पुन्हा केला. दर वेळी खाली शून्य.

ती बरोबर होती. दर वर्षी वर्गाला विचारलेला प्रश्न तिच्या मुलानं तिला विचारला होता, आणि तिनं डोळे मिटून उत्तर दिलं होतं. आम्ही पुन्हा विचारलं, तेव्हा कदाचित तिनं तो आकडाही सांगितला होता. कदाचित. तिच्या पापण्या किती वेळा मिटल्या ते आम्हा दोघांपैकी कुणीही मोजलं नव्हतं. मी तेव्हा तिच्या गालावर हात ठेवून तिला थांबवायला बघत होते.

आणि मग तिच्यासमोर मावशीनं उघडलेल्या कपाटाकडे पाहून मी हिरवी साडी म्हणाले होते.

त्या वर्षी दादाची हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. शाळेचा कार्यक्रम झाल्यावर महिन्याभरानं मी बंगलोरला त्याला भेटायला गेले. गाडीत सगळा वेळ मी एकच ठरवत होते, की त्याला हे सांगायचं नाही. त्यानं तेव्हा सगळं नीट केलं होतं. आपल्याला कळेल अशी कसोटी त्यानं लावली होती. फक्त एक आकडा तपासायचा राहिला होता. या वयात, छातीवर टाके असताना, हे त्याला देऊन काय करायचं होतं.

वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या. आम्ही दोघं त्याच्या घराच्या पुढच्या व्हरांड्यात बसलो होतो. तो बारीक झाला होता. केस गेले होते.

“शाळेचा कार्यक्रम कसा झाला?” त्यानं विचारलं.

“चांगला झाला. भाषणं खूप झाली. आईचा फोटो लावलाय स्टाफरूममध्ये.”

“वर्गात गेली होतीस?”

“गेले होते थोडा वेळ.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीतल्या तुळशीकडे पाहत होते.

“सतरा,” दादा म्हणाला.

मी तुळशीवरून नजर उचलली.

“परत येताना हैदराबादला, काचीगुडा स्टेशनवर पुढच्या गाडीची वाट बघत बसलो होतो,” तो म्हणाला. “आईचं सगळं उरकून. वेळ जाईना. शेजारच्या माणसाकडून पेन घेतलं. त्या सुट्टीत मी सात तिनांपर्यंत आलो होतो ना, तेव्हा मी कंटाळून उठलो होतो. ती म्हणाली होती, पुढची तू कर, सोपी आहे. मी नाही केली. पुढं कधीतरी माझं मीच ठरवून टाकलं की सगळ्याच मूळ असणार. ती असं कधी म्हणाली नव्हती. स्टेशनवर दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तीननं नाही, सातनं नाही, अकरानं नाही, तेरानं नाही. मग सतरा.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“तुला त्या घरात राहायचं होतं.”

रस्त्यावरून शाळेची बस गेली.

“एका उत्तरानं काही सिद्ध होत नाही,” मी म्हणाले. “तूच म्हणाला होतास. नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा येतं.”

“हो. मी स्वतःला तेच सांगतो.” त्यानं शालीचं टोक छातीवर ओढून घेतलं. “तिनं किती वेळा मिटले होते, तुला आठवतं?”

“नाही मोजले.”

“मीपण नाही. मी सिस्टरला शोधत होतो.” मग तो म्हणाला, “हैदराबादला नेलं असतं तरी ती वाचली असती असं नाही. ते मला कळतं. मी डॉक्टरांना विचारूनही आलोय, इथल्या. ते सगळं मी सोसतो. पण मी तिला तोंडावर चुकलं म्हणालो, गिरजा. आणि त्यानंतर तिनं डोळे मिटणं बंद केलं. घरी तू रोज विचारायचीस, मी बाहेरून ऐकायचो. एकदाही मिटले नाहीत. ती माझ्यावर रागावून गेली.”

मी त्याच्याकडे पाहिलं. माझा तो भाऊ कधी कुणाजवळ काही मागत नसे. आताही मागत नव्हता. फक्त खुर्चीच्या हातावर त्याची बोटं थांबून राहिली होती.

“मिटले होते,” मी म्हणाले.

“कधी?”

“शनिवारी. तू डॉक्टरांना आणायला गेला होतास तेव्हा. मी एकटीच होते. तिला विचारलं, दादाला बोलावू का? तिनं डोळे मिटले.”

“कसे?”

“सावकाश. एकदाच. मग उघडून दाराकडं बघत राहिली.”

“तू तेव्हा बोलली नाहीस.”

“तेव्हा मला वाटलं, आपोआप झालं असेल.”

“मी आलो तेव्हा,” तो म्हणाला, “मी तिच्या पायाशी बसलो होतो.”

“हो. तिला दिसत होतास तू तिथून.”

“दिसत होतो,” दादा म्हणाला.

ऊन व्हरांड्याच्या पायरीवर आलं होतं. त्यानं हात टेकून उठायला सुरुवात केली, मी धरायला गेले तर नको म्हणाला. “चहा टाकतो,” म्हणून तो आत गेला. स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण दाबलेलं मी ऐकलं. नळ सुरू झाला आणि बंद झाला. त्यानंतर मी बाहेर बसून राहिले, पण गॅस पेटल्याचा आवाज काही येईना. मीही आत गेले नाही.